प्रगतिपुस्तक

शाळा आणि घर ह्यांच्या दरम्यान दररोज ये-जा करणारा दूत एकच असतो. तो म्हणजे विद्यार्थी. सहलीची वर्गणी, लसीकरणाची सूचना, पालकसभेची वेळ, सारे काही त्याच्याच तोंडून किंवा त्याच्याच दप्तरातून घरी पोहोचते. बहुतेक निरोप तो निमूटपणे पोहोचवतो. परंतु वर्षातून काही वेळा त्याच्या हाती असा एक निरोप दिला जातो की, जो त्याच्या स्वतःविषयीच असतो. त्या दिवशी शाळेपासून घरापर्यंतची नेहमीची वाट एकाएकी लांब होते. विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांना ह्याचा अनुभव असेल. ह्या निरोपाला आपण प्रगतिपुस्तक म्हणतो.

प्रगतिपुस्तक तुम्ही अनेकदा हाताळले असेल. तथापि त्यात काय काय असते, हे क्वचितच निरखून पाहिले असेल. पहिल्या पानावर नाव, इयत्ता, तुकडी आणि जन्मतारीख. आत विषयांचे रकाने, प्रथम सत्र व द्वितीय सत्र, उंची आणि वजन, कामाचे दिवस व हजर दिवस. सर्वांत शेवटी वर्गशिक्षकाचा शेरा, आणि त्याखाली तीन सह्यांच्या जागा: वर्गशिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक. पहिल्या दोन सह्या शाळेतच होतात. तिसरी सही आणण्यासाठी हे पुस्तक घरी जाते. किंबहुना त्या तिसऱ्या सहीसाठीच सारे पुस्तक असते, असे म्हटले तरी चालेल.

छापील प्रगतिपुस्तक ही तशी अलीकडची वस्तू आहे. पंतोजींच्या शाळेत मुलगा धूळपाटीवर अक्षरे गिरवी आणि पाढे तोंडपाठ करी. दिवेलागणीला घरोघरी परवचा होई. मुलगा पाढे म्हणे, पावकी-निमकी म्हणे, आणि ओसरीवर बसलेले आजोबा किंवा स्वयंपाकघरातील आई ते ऐके. कालपर्यंत तो बारापर्यंत जात होता, आज तेरावर आला, हे घराला कानांनी कळत असे. त्या शिक्षणात उणिवा पुष्कळ होत्या. पंतोजींची छडी प्रसिद्ध आहे, मुलींना आणि समाजातील फार मोठ्या वर्गाला त्या शाळेची पायरीही चढता येत नव्हती. परंतु ज्या घरात मूल शिके, त्या घराला ते काय शिकले हे विचारण्यासाठी दुसरीकडे जावे लागत नसे.

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, आणि पुढे सरकारी शिक्षणखात्याच्या शाळा ह्या भागात वाढत गेल्या. इयत्ता आल्या, हजेरीपत्रक आले, वार्षिक परीक्षा आली. मुलाची प्रगती आता कागदावर उतरू लागली. कागदाचा एक मोठा गुण असा की, तो टिकतो. दोष असा की, तो वाचावा लागतो. १९५१ च्या जनगणनेत आपल्या देशात दर शंभर माणसांत सुमारे अठराच साक्षर होती. शाळेने पाठवलेला कागद घरी जाई खरा, पण तो वाचणारे माणूस त्या घरात असेलच असा भरवसा नव्हता. अशा वेळी पालकाच्या सहीच्या जागी निळ्या शाईचा ठसा उमटे आणि शेजारी कोणीतरी लिहून देई: निशाणी डावा अंगठा.

अशाच एका अंगठ्याची हकीकत मला सांगावयाची आहे.

१९८० नंतरच्या दशकात मी नागपूरच्या उत्तर भागातील एका प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. भोवतालची वस्ती विणकरांची होती. एके काळी नागपुरी लुगड्यांनी ज्या हातमागांना भरभराट दिली होती, त्यांचे दिवस यंत्रमागांपुढे ओसरत चालले होते. तरी काही घरांतून मागाचा खटखटाट अजून ऐकू येत असे. वर्गात एका विणकराचा मुलगा होता. शांत, मागच्या रांगेत बसणारा, चित्रे सुंदर काढणारा. गणितात त्याला पहिल्या सत्रात शंभरांपैकी बावीस गुण मिळाले. मी त्याच्या प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिला: ‘गणितात कच्चा. अभ्यासाकडे लक्ष नाही.’ त्या दिवशी मला चव्वेचाळीस शेरे लिहावयाचे होते, आणि त्यांतील पंधरा-सोळा जवळजवळ असेच होते.

दिवाळीच्या सुटीनंतर मुलाची हजेरी विरळ होऊ लागली. आठवड्यातून दोन दिवस येई, कधी तेवढेही नाही. जानेवारीत चाचणी झाली आणि पुस्तके पुन्हा घरोघरी गेली. ती परत आल्यावर मी एकेक उघडून सही पाहत होतो. ह्या मुलाच्या पुस्तकावर अंगठ्याचा ठसा होता. परंतु तो ठसा लहान होता. शेजारच्याच पुस्तकावर दुसऱ्या एका पालकाचा अंगठा उमटला होता. तो रुंद, मधोमध चिरलेला, कष्टाने झिजलेला. आणि हा त्याच्या निम्म्यानेही नव्हता. त्यातील रेषा अगदी स्पष्ट, कोवळ्या. मुलाने स्वतःचाच अंगठा शाईत बुडवून बापाच्या जागी उठवला होता.

मला प्रथम राग आला, हे मी लपवीत नाही. मुलाला जवळ बोलावले. त्याच्या अंगठ्याच्या नखात अजून शाई होती. त्याने काहीच उत्तर दिले नाही. फक्त हात पाठीमागे नेला. त्या हाताच्या हालचालीने माझा राग निवला. शाळा सुटल्यावर मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो.

घरात शिरल्यावर डावीकडे माग होता. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून वडील बसले होते. मला पाहून त्यांनी धोटा बाजूला ठेवला आणि उठू लागले. मी त्यांना बसण्याची विनंती केली. पहिल्या सत्राचे पुस्तक शेजारच्या एका मोठ्या मुलाने त्यांना वाचून दाखवले होते. ‘कच्चा’ आणि ‘लक्ष नाही’ हे दोन शब्द त्यांच्या ध्यानात राहिले होते. ज्याअर्थी गुरुजींनी तसे लिहिले, त्याअर्थी पोराचे डोके विद्येत चालत नाही, असा त्यांनी सरळ अर्थ घेतला. घरी हात कमीच होते. तेव्हा मुलाने कांड्या भरण्यास बसावे, असे त्यांनी ठरवले. तोच शब्द पुन्हा घरी आला, तर शाळा कायमची सुटेल, ह्या भीतीने मुलाने जानेवारीचे पुस्तक घरी दाखवलेच नव्हते.

मी त्यांना समजावू लागलो की, मुलगा हुशार आहे, शाळेतून काढू नका. ते ऐकून घेत होते. मग त्यांनी मागावरच्या कापडाकडे बोट दाखवले आणि शांतपणे म्हणाले, “गुरुजी, लुगड्यात दोष निघाला तं आमी कोनता धागा तुटला ते पायतो जी. नुसतं खराब हाय म्हनलं, तं गाठ कुठं मारू मी?”

मला उत्तर सुचले नाही. खरे म्हणजे मुलाचा कोणता धागा तुटला होता, हे मलाही ठाऊक नव्हते. बावीस गुण मी दिले होते, परंतु उरलेले अठ्ठ्याहत्तर कोठे गेले, हे मी कधी तपासले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याची उत्तरपत्रिका काढून बसलो. बेरजा सर्व बरोबर होत्या. गुणाकारही बहुतेक बरोबर. हातचा घेऊन करावयाच्या वजाबाकीत मात्र तो प्रत्येक वेळी चुकत होता. वरच्या अंकात शून्य आले की, त्याची गाडी थांबे. भागाकारात वजाबाकी करावी लागते, म्हणून भागाकारही चुकत. शाब्दिक उदाहरणे त्याने सोडवलीच नव्हती. एकच धागा तुटला होता आणि त्यामुळे पुढचा सारा पट्टा विसकटला होता.

मी पुस्तकावर नवा शेरा लिहिला. ‘बेरीज व गुणाकार पक्के आहेत. हातचा घेऊन वजाबाकी करताना चुकतो. घरी रोज पाच उदाहरणे करून घ्यावीत. चित्रकला उत्तम.’ तो घेऊन पुन्हा त्यांच्या घरी गेलो आणि वाचून दाखवला. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण ताण्याचे धागे मोजण्यात आयुष्य गेले होते. चारशेदोन धाग्यांतून एकशेपंचाहत्तर वजा केले तर किती उरतात, हे ते क्षणात सांगत. मुलाला त्यांनी रोज संध्याकाळी मागाशेजारी बसवून तोंडी हिशेब घालण्यास सुरुवात केली. त्या वेळी त्या पुस्तकावर जो अंगठा उमटला, तो मोठा होता, आणि त्याच्या कडेला रंगाचा डाग होता.

वार्षिक परीक्षेत मुलाला गणितात एक्केचाळीस गुण मिळाले. वर्गातील त्याचा क्रमांक मात्र फारसा हलला नाही; तो आधी खालून तिसरा होता, तो खालून सहावा झाला. ज्या मुलाचे अठ्ठ्याऐंशीचे नव्वद झाले, त्याच्या पाठीवर सर्वांनी शाबासकी दिली. बाविसाचे एक्केचाळीस झालेल्या मुलाचे कौतुक कोणी केले नाही. प्रगती म्हणजे पुढे जाणे. मग त्या वर्षी अधिक वाट कोण चालला होता? आपल्या प्रगतिपुस्तकांत मूल इतरांच्या तुलनेत कोठे उभे आहे, हे चटकन दिसते. ते स्वतःच्या कालच्या जागेपासून किती पुढे आले, हे शोधून काढावे लागते. तुम्ही आपले गेल्या दोन वर्षांचे पुस्तक जवळजवळ ठेवून एकदा पाहा.

ही गोष्ट येथे संपली असती, तर सांगण्यास मला अधिक आनंद झाला असता. त्या मुलाने सातवीनंतर शाळा सोडली व तो एका यंत्रमागाच्या कारखान्यात लागला. शेरा सुधारल्याने घरची चणचण सुधारत नाही. चौथीपासून सातवीपर्यंतची तीन वर्षे त्याला अधिक मिळाली, एवढेच मी म्हणू शकतो.

नागपूरहून वर्धा जवळच आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, आणि हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याची योजना तेथे विचारासाठी आली. तिलाच पुढे नई तालीम म्हणू लागले. ह्या योजनेविषयी विद्वानांनी उलटसुलट पुष्कळ लिहिले आहे आणि ती फार काळ मूळ धरू शकली नाही. परंतु त्या विणकराच्या घरून परतताना मला तिची आठवण झाली होती. मुलाने कातलेली सुताची लडी घरी नेली, तर निरक्षर बापही ती दोन बोटांत धरून, ओढून पाहून सांगू शकतो की, सूत कोठे जाड आहे आणि कोठे तुटते. बावीस ह्या आकड्याला असे ओढून पाहता येत नाही.

शाळेने घरी काय कळवावे, हा पूर्वी केवळ शिरस्त्याचा भाग होता. आता तो कायद्याचा भाग आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या २४ व्या कलमात शिक्षकांची कर्तव्ये सांगितली आहेत. वेळेवर शाळेत येणे व अभ्यासक्रम पूर्ण करणे ह्यांच्याच पंक्तीला, पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि झालेली प्रगती त्यांना सांगणे, हेही एक कर्तव्य म्हणून तेथे नमूद आहे. शिकवणे आणि शिकवल्याचे घरी कळवणे ही दोन्ही एकाच कलमात आली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ह्याच अधिनियमाने शाळा व्यवस्थापन समित्याही निर्माण केल्या. त्यांत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. ज्या पुस्तकावर वर्षानुवर्षे केवळ वडिलांची सही चाले, त्या शाळेच्या सभेत आई खुर्चीवर बसू लागली.

त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात महाराष्ट्र शासनाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत लागू केली. गुणांच्या जागी अ-१ पासून इ-२ पर्यंत श्रेणी आल्या. वर्षभरातील निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प, स्वाध्याय ह्या सर्वांचा विचार होऊ लागला. विशेष म्हणजे प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदींसाठी तीन रकाने आले: विशेष प्रगती, आवड व छंद, आणि सुधारणा आवश्यक. त्या विणकराने जे मागितले होते, ते आता छापून आले होते. मला फार समाधान वाटले.

परंतु रकाना छापणे सोपे आहे. तो भरणे अवघड. मी तेव्हा मुख्याध्यापक होतो. एके दिवशी सह्यांसाठी एका वर्गाची प्रगतिपुस्तके माझ्या टेबलावर आली. ‘अक्षर सुवाच्य काढतो’ हे वाक्य मी अकरा पुस्तकांत वाचले. ‘गोष्टी ऐकण्याची आवड आहे’ हे त्याहून अधिक पुस्तकांत होते. त्यात एका ठिकाणी मुलीच्या नावापुढे ‘शांत मुलगा’ असेही होते. तयार नोंदींच्या याद्या शिक्षकांत हातोहात फिरत असत, आणि वर्गशिक्षकावर जनगणनेपासून मध्यान्ह भोजनाच्या हिशेबापर्यंत पन्नास कामांचा भार असे. म्हणून त्याला एकट्याला दोष देण्याचे मला धैर्य झाले नाही. दुसऱ्या दिवशी निकाल होता. मी त्या सर्व पुस्तकांवर सह्या केल्या. ‘शांत मुलगा’ एवढे खोडून ‘मुलगी’ केले. पंधरा-सोळा पुस्तकांवर जवळजवळ एकच शेरा लिहिणाऱ्या तरुण शिक्षकात आणि त्या मुख्याध्यापकात फार अंतर नव्हते.

आपल्याकडे पुष्कळ शाळांतून निकाल १ मे रोजी, महाराष्ट्र दिनाचे ध्वजवंदन झाल्यावर सांगतात. नागपुरात त्या सुमारास ऊन इतके कडक असते की, आठ वाजताच पटांगण तापू लागते. पालक निंबाच्या सावलीत उभे राहून पुस्तक उघडतात, ‘वरच्या वर्गात घातले’ एवढे पाहतात आणि घरी परततात. मग विदर्भातील लांब उन्हाळी सुटी लागते. म्हणजे सुधारणा कोठे आवश्यक आहे, हे घराला कळते तेव्हा शिक्षक आणि मूल ह्यांची ताटातूट झालेली असते. हा मेळ मला कधीच पटला नाही. कळवावयाचे असेल तर ते नोव्हेंबरात कळवावे, जेव्हा उपाय करण्यास वेळ हाताशी असतो.

भाषेचाही प्रश्न आहे. नागपूर हे १९५६ पर्यंत मध्यप्रदेशाच्या राजधानीचे शहर होते. येथे मराठी आणि हिंदी दोन्ही घरोघरी ऐकू येतात. महानगरपालिकेच्या शाळांत मराठी, हिंदी व उर्दू माध्यमांच्या शाळा आहेत. छत्तीसगडी बोलणारे कष्टकरी, रामटेककडील गोंडी बोलणारी कुटुंबे, ह्यांच्या मुलांच्या पुस्तकांवर आम्ही संस्कृतप्रचुर मराठीत ‘आकलनक्षमता समाधानकारक’ असे लिहीत असू. २०११ च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्यातील साक्षरता सुमारे ८८ टक्क्यांवर गेली होती. परंतु ज्याला अक्षर वाचता येते, त्याला हे वाक्य कळेलच असे नाही. ते मलाही पूर्णपणे कळत नाही.

अलीकडे पुस्तकाच्या आधी भ्रमणध्वनी बोलतो. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर गृहपाठ येतो, गैरहजेरी येते, चाचणीचे गुणही येतात. ह्यात सोय मोठी आहे. तरी दोन गोष्टी मी पाहिल्या. पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो. निरोप वाचला जातो तो रात्री, मूल झोपल्यावर. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सर्व मुलांचे गुण एकाच गटावर टाकले की, जे एका घराचे होते ते चाळीस घरांचे होते. प्रगतिपुस्तक दप्तरात मिटून नेता येत होते, ही काही लहान गोष्ट नव्हती.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे. शिक्षकाबरोबर विद्यार्थ्याने स्वतःचे, आणि सहाध्यायांनी एकमेकांचे मूल्यमापन करावे, व हे पत्रक शाळा आणि घर ह्यांना जोडणारा दुवा व्हावे, अशी त्यात अपेक्षा आहे. मी निवृत्त झाल्यानंतर एका जुन्या सहकारी शिक्षिकेने मला तिच्या शाळेतील पालकसभा पाहण्यास बोलावले. तिने सर्वांना एकदम बसवले नव्हते. प्रत्येक घराला दहा मिनिटे दिली होती, आणि स्वतः बोलण्यापूर्वी ती पालकांना विचारी, “तो घरी काय काय करतो?”

तिसरीतील एका मुलाची आजी आली. आई-वडील वीटभट्टीवर गेले होते. मुलाच्या नोंदीत लिहिले होते: ‘तोंडी कामात मागे. प्रश्न विचारल्यास उत्तर देत नाही.’ आजीने थोडा वेळ विचार केला आणि सांगितले की, तो पाणी भरतो, शेळीला पाला आणतो, आणि धाकट्या बहिणीला पाढे म्हणवतो.

“पाढे?” शिक्षिकेची लेखणी थांबली. “कोणते?”

“दिवा लावला का बसते दोघं,” आजी म्हणाली. “हा म्हणते अन् तिले म्हणवून घेते. माह्या कानावर येते रोज. एकुनतीसचा बी येते त्याले.”